द्रव स्फटिकांचा पडदा

(संस्थेच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत, हैदराबाद येथे दिलेले भाषण)



या मालेत विज्ञानाचा एखादा विषय सर्वांस समजेल असा मांडावा, अशी महोत्सव समितीने आम्हांस आज्ञा केली. विषय शोधण्यास आम्हांस लांब जावे लागले नाही. तो याच सभागृहात, आपल्या उजव्या हाताच्या भिंतीवर टांगलेला आहे. घरोघरी तो आहे, आणि आपणांपैकी पुष्कळांच्या खिशातही आहे. दूरचित्रवाणीचा, संगणकाचा किंवा गणकयंत्राचा हा जो पातळ, सपाट पडदा असतो, त्यावर चित्र उमटते कसे, एवढेच आज सांगावयाचे आहे. शेवटी संस्थेच्या कारभारासंबंधीही दोन शब्द बोलण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून आधीच घेऊन ठेवली आहे.

प्रारंभ गेल्या गणेशोत्सवातील एका फजितीपासून करतो. बालवर्गाच्या कार्यक्रमाची छायाचित्रे आपण या भिंतीवरील संचावर दाखवीत होतो. मुलांचे आईवडील कौतुकाने पाहत असता पडदा एकाएकी काळा पडला. गाणे मात्र चालूच राहिले. "संच गेला" असे सर्वांनी एकमुखाने ठरविले, आणि नवा संच केवढ्यास पडेल हा विचार आमच्या कोषाध्यक्षांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटला. दुसऱ्या दिवशी कोठीच्या गुजराती गल्लीतून एका कारागिरास बोलावणे धाडले. वीस-बावीस वर्षांचा तरुण आला. त्याने संच उघडला नाही. सभागृहातील सर्व दिवे मालवावयास सांगितले, आणि आपल्या मोबाइलची बॅटरी काचेला तिरपी टेकवून तो म्हणाला, "तस्वीर तो हैच साब, बत्ती नैं है."

आम्ही वाकून पाहिले. बॅटरीच्या त्या वाटोळ्या उजेडात, काळ्या काचेच्या आत, आपली मुले दिसत होती. फिकट, पण अगदी नीट. चित्र कोठेही गेले नव्हते, त्याच्या मागचे दिवे तेवढे विझले होते. कारागिराने दिव्यांच्या पट्ट्या बदलल्या आणि थोडक्या खर्चात काम भागले.

त्या तरुणाने अर्ध्या मिनिटात जे दाखविले, तेच या पडद्याचे मर्म आहे. हा पडदा स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही. प्रकाश मागच्या दिव्यांचा असतो. पडद्याचे काम एवढेच, की तो प्रकाश कोठे जाऊ द्यावयाचा आणि कोठे अडवावयाचा हे ठरविणे. त्याला दिव्याऐवजी लक्षावधी झडपांची खिडकी म्हटले तर ते अधिक बरोबर होईल.

जुन्या संचाची रीत वेगळी होती. वडीलधाऱ्या मंडळींस आठवत असेल, आपल्याच शहरात १९६७ साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचा, म्हणजे ईसीआयएलचा, कृष्णधवल संच या सभागृहात लाकडी पेटीत असे. याच कारखान्याने १९७५-७६ च्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगासाठी संच बनविले, आणि त्या प्रयोगात देशातील सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. त्या संचात काचेची मोठी नळी असे. नळीच्या मागच्या टोकाकडून निघणारा इलेक्ट्रॉनांचा झोत पुढच्या काचेवरील लेपावर आदळे आणि लेप चकाके. म्हणजे तेथे पडदाच उजळत असे. नळीला लांबी हवी, म्हणून पेटी खोल, आणि म्हणूनच ती हलविण्यास चार स्वयंसेवक लागत. आज तो संच भिंतीवर चित्राच्या चौकटीसारखा टांगता येतो, याचे श्रेय एका विलक्षण पदार्थाकडे जाते. त्याचे नाव द्रव स्फटिक.

नावातच विरोध आहे. स्फटिक म्हटला की तो घट्ट, नेमक्या रचनेचा; द्रव म्हटला की तो वाहता, मोकळा. दोन्ही एकत्र कसे नांदणार? येथे आपल्या शहरातील तीन दृश्ये डोळ्यांपुढे आणावीत. शाळेच्या पटांगणात कवाईतीस उभी असलेली मुले, ज्याची त्याची जागा ठरलेली आणि सर्वांची तोंडे एका दिशेस. हा झाला स्फटिक. रविवारी संध्याकाळी सुलतान बाजारातील गर्दी, जागा ठरलेली नाही आणि तोंड कोणाचे कोणीकडे. हा झाला द्रव. आता अनंत चतुर्दशीची विसर्जनाची मिरवणूक आठवावी. कोणी पुढे जातो, कोणी मागे राहतो, जागा कोणाचीच ठरलेली नाही; परंतु लाखो माणसांची तोंडे हुसेन सागराकडे. वाहणे द्रवाचे, शिस्त स्फटिकाची. द्रव स्फटिकाची स्थिती अशी असते. त्याचे रेणू लांबट काडीसारखे असतात. ते एकमेकांवरून सरकतात, पण साधारणपणे एकाच दिशेस तोंड करून राहतात.

ही स्थिती प्रथम नजरेस आली ती १८८८ साली, प्राग शहरी, आणि तीही एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या. फ्रीडरिख राइनिट्झर हे वनस्पतींत आढळणाऱ्या, कोलेस्टेरॉलच्या जातीच्या पदार्थांचा अभ्यास करीत होते. त्यांतील एक संयुग तापविताना त्यांना चमत्कारिक गोष्ट दिसली. बर्फ वितळला की त्याचे एकदम स्वच्छ पाणी होते. हा पदार्थ मात्र १४५.५ अंश सेल्सियसला वितळला तो दुधासारखा गढूळ झाला, आणि १७८.५ अंशांस तो गढूळपणा जाऊन स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला वितळण्याचे दोन टप्पे! दुसरा कोणी असता तर पदार्थ अशुद्ध आहे असे म्हणून नळी धुऊन टाकता. राइनिट्झर यांनी तसे केले नाही. त्यांनी नमुना ओटो लेमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठविला. लेमान यांच्यापाशी पदार्थ तापवीत पाहण्याचे खास सूक्ष्मदर्शक यंत्र होते. त्यांनी अनेक वर्षे खपून सिद्ध केले की हा गढूळ द्रव अशुद्ध नव्हे; त्याच्या अंगी स्फटिकाचे गुण आहेत. द्रव स्फटिक हे नाव त्यांचेच.

पुष्कळ विद्वानांनी ते मानले नाही. ज्यांनी मानले, त्यांनाही याचा उपयोग काय हे सांगता आले नाही. राइनिट्झर आपल्या वनस्पतींकडे परत गेले. लेमान १९२२ साली वारले, तोवर द्रव स्फटिकाने एका पैशाची वस्तू बनविली नव्हती. हे आपण कृपा करून ध्यानात ठेवावे. शेवटी आम्हांस त्याची गरज पडणार आहे.

आता पडद्याच्या आत शिरू. त्यासाठी प्रकाशाचा एक गुण समजून घेतला पाहिजे. खिडकीच्या उभ्या गजांतून एक दोरी आरपार नेऊन तिचे टोक हलवावे. दोरी वरखाली हलविली तर लाट गजांतून पलीकडे जाते; आडवी हलविली तर गजांवर आपटून थांबते. प्रकाशही लाटांचा बनलेला असून साध्या प्रकाशात सर्व दिशांची कंपने एकत्र असतात. काही पटल असे असतात की ते एकाच दिशेच्या कंपनास वाट देतात. अशा प्रकाशास ध्रुवित प्रकाश म्हणतात, आणि त्या पटलास ध्रुवक. दोन ध्रुवक एकमेकांस काटकोनात ठेवले, तर पहिल्यातून निसटलेला प्रकाश दुसऱ्याशी अडतो आणि अंधार होतो.

हे केवळ तोंडी नको. हा उन्हाळी चष्मा ध्रुवक काचांचा आहे. संच चालू आहे. आम्ही चष्म्याची एक काच पडद्यापुढे धरून हळूहळू फिरवितो. पाहा, चित्र मंद झाले, आणखी मंद झाले, आणि आता काचेमागे काळोख. आणखी फिरविली की पुन्हा उजेड. म्हणजे पडद्यातून बाहेर येणारा प्रकाश ध्रुवितच आहे. ज्यांच्यापाशी असा चष्मा असेल, त्यांनी घरी मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा.

पडद्याच्या आत असेच दोन ध्रुवक काटकोनात असतात, एक मागे आणि एक पुढे. त्यांच्यामध्ये दोन काचा, आणि त्या काचांमध्ये द्रव स्फटिकाचा थर. हा थर एका मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याइतका पातळ, म्हणजे डोक्याच्या केसाहून कितीतरी बारीक. काचांच्या आतील बाजूस एक लेप देऊन तो एकाच दिशेने कापडाने घासलेला असतो. काचेलगतचे रेणू त्या घासलेल्या दिशेत निजतात. मागच्या काचेवर ही दिशा आडवी आणि पुढच्या काचेवर उभी ठेवली, की मधल्या रेणूंची पंचाईत होते. मग ते थराथराने थोडे थोडे वळत जातात आणि पाव वळण पुरे करतात.

आपला चारमिनार १५९१ सालचा. त्याच्या मिनारांत १४९ पायऱ्यांचा चक्री जिना आहे. लाड बाजाराकडे तोंड करून चढू लागलेला माणूस पायरीगणिक किंचित वळत जातो, आणि त्याला न कळत त्याचे तोंड गुलजार हौजाकडे होते. द्रव स्फटिकातून जाणारा प्रकाश असाच आहे. मागच्या ध्रुवकातून तो आडव्या कंपनाने शिरतो, रेणूंच्या या जिन्याबरोबर वळत जातो आणि पुढे पोहोचेतो त्याचे कंपन उभे झालेले असते. त्यामुळे जो दुसरा ध्रुवक त्याला अडविणार होता, तोच त्याला वाट देतो. पडद्यावर तेथे उजेड दिसतो.

मग अंधार कसा करावयाचा? दोन्ही काचांवर विजेस वाहून नेणारा, तरीही पारदर्शक, असा एक लेप असतो. त्यास थोडा दाब दिला, की रेणू मान वर करून काचेला काटकोनात उभे राहतात. जिना मोडतो. प्रकाशाला वळविणारे कोणी उरत नाही, तो आडवाच पुढे जातो आणि दुसऱ्या ध्रुवकाशी अडतो. तेथे काळा ठिपका दिसतो. वीज काढली की रेणू पुन्हा आपल्या वळणावर येतात. दाब कमीअधिक केला तर रेणू अर्धवट कलतात आणि करड्या रंगाच्या छटा मिळतात. ही वीज एकाच दिशेने सतत देऊन चालत नाही, कारण त्यायोगे पदार्थ बिघडतो. म्हणून तिची दिशा वरचेवर उलटवितात. रेणूंना केवळ वळावयाचे असते, म्हणून विजेचा खर्च अगदी थोडा. हाताचे घड्याळ एका लहानशा सेलवर वर्षानुवर्षे चालते, ते याच कारणाने.

आजच्या मोठ्या संचांत रेणूंच्या मांडणीच्या इतर तऱ्हाही आहेत. काहींत रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, काहींत ते आधीच उभे असतात आणि विजेने कलतात. तत्त्व मात्र तेच: रेणू वळवून प्रकाशाची झडप उघडावयाची किंवा मिटावयाची.

आता रंग. द्रव स्फटिकाला रंग नाही. प्रत्येक ठिपक्याचे तीन भाग करून त्यांवर तांबडी, हिरवी आणि निळी गाळणी बसविलेली असते. तीन झडपा कमीजास्त उघडून हव्या त्या रंगाचे मिश्रण होते. या भिंतीवरील संचात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके, आणि प्रत्येकी तीन, म्हणजे ६२,२०,८०० झडपा. प्रत्येकीच्या पाठीशी काचेवरच घडविलेला एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर पहारा करतो, आणि साधारणपणे सेकंदाला साठ वेळा प्रत्येक झडपेस नवा हुकूम मिळतो. इतक्या ध्रुवकांतून आणि गाळण्यांतून जाताना मागच्या दिव्याचा प्रकाश बहुतेक आतच जिरतो. आपल्या डोळ्यांपर्यंत त्याचा दहावा हिस्साही पोहोचत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. दुकानात ज्यास एलईडी संच म्हणतात, तो बहुधा द्रव स्फटिकाचाच असतो. एलईडी हे त्याच्या मागच्या दिव्यांचे नाव. ओएलईडी म्हणून जो प्रकार आहे, तो मात्र निराळा. त्यातील प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तेथे द्रव स्फटिक नाही आणि मागचा दिवाही नाही. आणखी एक अनुभव. मे महिन्यात मोटारीत काचेखाली गणकयंत्र विसरले तर त्याचा पडदा काळवंडतो. घाबरू नये. उष्णतेने रेणूंची शिस्त मोडलेली असते, मिरवणुकीचा पुन्हा बाजार झालेला असतो. सावलीत गार होऊ द्यावे, बहुधा ते ताळ्यावर येते.

ही सर्व करामत घडून येण्यास किती काळ लागला? वळवलेल्या थरातून प्रकाशही वळतो, हे फ्रान्समध्ये मोगँ यांनी १९११ साली दाखविले. विजेने रेणू वळतात, याचा अभ्यास रशियात फ्रेडरिक्स यांनी १९२७ च्या सुमारास केला. पडद्यासाठी लागणाऱ्या या दोन्ही किल्ल्या हातांत होत्या, पण कुलूप आहे हेच कोणास ठाऊक नव्हते. १९६८ साली अमेरिकेत आर.सी.ए. कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रव स्फटिकाचा पहिला पडदा जगापुढे मांडला. १९७० च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे शाट आणि हेल्फ्रिख यांनी वर सांगितलेल्या पाव वळणाच्या पडद्याचे पेटंट मागितले. अमेरिकेत फर्गसन यांनीही तीच वाट धरली होती. तरी अडचण उरलीच. पदार्थ टिकाऊ हवा आणि नेहमीच्या हवामानात द्रव स्फटिक राहिला पाहिजे. असे रेणू इंग्लंडमध्ये हल विद्यापीठाच्या जॉर्ज ग्रे यांनी शोधले आणि १९७३ साली प्रसिद्ध केले. त्याच साली जपानमध्ये द्रव स्फटिकाच्या पडद्याचे खिशात मावणारे गणकयंत्र आणि अंकांचे घड्याळ बाजारात आले. १८८८ ते १९७३, पंच्याऐंशी वर्षे!

या कथेत आपल्या देशाचाही वाटा आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे. नोबेल पारितोषिक मिळविणारे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ते निराळे; ते रामन यांचे पुतणे. शिवरामकृष्ण यांनी १९७१ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत द्रव स्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. काडीसारख्या रेणूंचेच द्रव स्फटिक होतात असा तोवर समज होता. १९७७ साली चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश या तिघांनी दाखविले की चकतीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रव स्फटिक होतात. नाणी एकावर एक रचावीत तसे ते रेणू रचले जातात. हा निबंध त्यांनी कोणा परदेशी नियतकालिकात न देता आपल्या देशातील 'प्रमाण' या नियतकालिकात छापला. त्या वेळी त्याचा पडद्याशी काही संबंध नव्हता. पुढे १९९० नंतरच्या दशकात जपानमध्ये अशाच चकतीच्या रेणूंचे पातळ पटल तयार झाले. पाव वळणाचा पडदा बाजूने पाहिला की चित्र विटके दिसे. हे पटल लावल्याने तो दोष पुष्कळ कमी झाला. बंगळूरात निव्वळ जिज्ञासेने शोधलेली गोष्ट अशी जगाच्या मेजावर पोहोचली.

आता त्या दोन शब्दांकडे वळतो. काही वर्षांपूर्वी आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला होता. घरची परिस्थिती बेताची, गुण उत्तम, आणि इच्छा भौतिकशास्त्रात पदव्युत्तर अभ्यास करण्याची. समितीत आम्हीही होतो. तिला प्रश्न विचारला गेला, "याचा पुढे उपयोग काय?" तिने जरा विचार करून खरे उत्तर दिले, "ते आज सांगता येणार नाही." आम्ही तो अर्ज नामंजूर केला आणि ती रक्कम ज्या शिक्षणातून लवकर नोकरी लागते अशा एका अर्जदारास दिली. त्या अर्जदारास ती मिळू नये असे आमचे म्हणणे नाही. गरज त्याचीही होती. परंतु त्या मुलीने शिकणे सोडून एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम धरले, हे कळल्यापासून आम्हांस चैन नाही. प्रश्न विचारणारा आवाज आमचाच होता, हे येथे कबूल केले पाहिजे. राइनिट्झर यांना कोणी तो विचारला असता, तर त्यांनाही तिच्याहून निराळे उत्तर देता आले नसते.

प्रत्येक जिज्ञासू विद्यार्थ्याच्या हातून मोठा शोध लागेल, असे आम्ही म्हणत नाही. बहुतेकांच्या हातून लागत नाही. परंतु कोणाच्या हातून लागेल हे आधी ओळखण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही, आणि म्हणून थोड्यांसाठी पुष्कळांना वाट मोकळी ठेवावी लागते. आपल्या संस्थेचा आरंभ घरोघरच्या मूठभर धान्यातून झाला. ज्या बायाबापड्यांनी ती मूठ दिली, त्यांनी कोणत्या मुलाचे काय होईल हे विचारले नव्हते.

म्हणून या अमृतमहोत्सवी वर्षी आमची नम्र सूचना अशी, की शिष्यवृत्त्यांपैकी प्रतिवर्षी एक मूळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी. त्याची गरज आणि गुणवत्ता अवश्य पाहावी, पण उपयोगाचा प्रश्न त्याला विचारू नये. आणि पहिले पत्र त्या मुलीस धाडावे. शिक्षणात खंड पडला म्हणून ती अपात्र ठरू नये, एवढी दुरुस्ती नियमांत करावी लागेल. तो मसुदा आम्ही लिहून आणला आहे, आणि भाषण संपताच तो चिटणिसांच्या हाती देत आहोत.

त्या दिवशी पडदा काळा पडला तेव्हा आत काही उरले नाही असे आम्ही सर्वांनी मानले होते. आत सर्व काही जागच्या जागी होते. मागून उजेड देणे एवढेच बाकी होते, आणि ते आपल्या हातचे आहे.